पक्का टाका

१

तात्या मिस्त्री खड्ड्यात पडलेले सापडले, तेव्हा त्यांचा चष्मा वर पान्यांच्या पेटीवर घडी घालून ठेवलेला होता.

हे मी सगळ्यात आधी सांगतो, कारण पोलिसांनी ते लिहूनच घेतलं नाही. गाडीच्या पोटाखाली उभं राहून तपासणी करायला यार्डात एक लांबट खड्डा आहे. पोलिसांनी तो बघितला, काठावर सांडलेलं ऑइल बघितलं, 'पाय घसरला' असं लिहिलं आणि निघून गेले. तात्यांना तोवर हॉस्पिटलात नेलं होतं. डोक्याला जबर मार, शुद्ध नाही, पुढचं काही सांगता येत नाही.

आता तात्यांचं असं, की चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचा अंगठा दिसत नाही. खड्ड्यात उतरताना ते चष्मा काढून ठेवणं शक्यच नाही. ते चष्मा काढायचे एकाच वेळी, समोरच्या माणसाशी काही जिवाभावाचं बोलायचं असेल तेव्हा. माझी बायको गेली त्या आठवड्यात ते दुकानात आले होते आणि आधी चष्मा काढून मशीनवर ठेवला होता. म्हणजे त्या सकाळी तात्या गाडी बघत नव्हते. ते कुणाशी तरी बोलत होते.

मी गाड्यांच्या सीटा शिवतो. जुन्या गाड्यांच्या त्या यार्डासमोरच माझं दुकान, तीस वर्षं झाली. माझी भाची लहानपणी शाळा सुटली की दुकानात येऊन कापडाच्या ढिगावर झोपायची आणि मला हाका मारायची, म्हणून सगळं यार्ड मला मामाच म्हणतं, माझ्याहून मोठे लोकसुद्धा. मला गर्व दोनच गोष्टींचा. एक माझी भाची आणि दुसरा माझा टाका. मामाचा टाका तुटत नाही, असं यार्डात म्हणतात. मी स्वतः म्हणत नाही. कुणी म्हटलं तर थांबवतही नाही.

भाची हॉस्पिटलात नर्स आहे. तिची बदली महामार्गापलीकडच्या एका दवाखान्यात झाली होती. येऊन-जाऊन रोजचे नव्वद किलोमीटर, म्हणून तिला मोठी गाडी हवी होती. तिची छोटी गाडी आता तिच्या आईकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे जाणार होती. ती छोटी घेतानाही पोरीने हट्ट धरून सगळ्यात वरचं, सहा बॅगांचं मॉडेल घेतलं होतं. "सहा बॅगा? कुठल्या गावाला निघालीस?" अशी मी तिची यथेच्छ थट्टा केली आणि लग्नाची भेट म्हणून त्या गाडीला लाल सीटा शिवून दिल्या.

या वेळी यार्डात एकाच जातीच्या दोन स्पोर्ट्स सेडान तिने हेरल्या होत्या. बाहेरून पांढऱ्या, आतून काळ्या, जुळ्या बहिणीच. फक्त एक सहा वर्षांची आणि एक तीन. जुनीचं इंजिन मोठं, गिअर हाताने टाकायचे, आधीचा मालक एकच, तोही कॉलेजातला प्राध्यापक. नवीचं इंजिन लहान पण चपळ, गिअर आपोआप पडणारे, मोठी स्क्रीन. भाचीचा जीव जुनीवर, तिच्या नवऱ्याचा नवीवर. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी ठरलं, की इंजिन-पत्रा तात्यांनी तपासायचा, आतलं मी बघायचं, आणि मग बोलणी करायची.

त्या दिवशी साडेनऊला भाचीचा फोन आला. तात्यांना तिच्याच वॉर्डात आणलं होतं. ती इतकं हळू बोलत होती, की मला मशीन बंद करावं लागलं.

"मामा, तात्यांनी मला आज सकाळी फोन केला होता. सात चाळीसला. म्हणाले, पोरी, त्या दोनपैकी एक गाडी घेऊ नकोस. तिच्यात बसूसुद्धा नकोस."

"कोणती?"

"तेच तर सांगितलं नाही. म्हणाले, कोणती ते दुपारी सांगतो. आधी एका माणसाला एक संधी द्यायची आहे."

२

यार्डात जाताना मी रोज खड्ड्याच्या कडेने जातो, जवळ पडतं म्हणून. त्या दिवशी लांबून वळसा घातला. भीती वाटली, उगाच खोटं कशाला बोलू? तात्यांनी ज्याला संधी दिली तो माणूस इथलाच होता आणि मी आत आलेला त्याला दिसत असणार.

शेठ काचेच्या केबिनमध्ये डोकं धरून बसले होते. त्यांच्याबद्दल मला शंका नव्हती, कारण पावणेआठ ते पावणेनऊ ते माझ्याच दुकानात स्कूटरची फाटलेली सीट शिवून घेत बसले होते आणि माझं डोकं खात होते.

"मामा, माझ्या नावाला काळं लागेल हो," ते म्हणाले. "तात्या वाचू दे. बाकीचं मग बघू."

"तात्यांनी दोन्ही गाड्यांचे तपासणीचे कागद लिहिले होते. ते कुठे आहेत?"

शेठनी बाजूला बघितलं. तिथे कागदपत्रं सांभाळणारी मुलगी बसते. तिला सगळे फाइलवाली म्हणतात. यार्डात एकच व्यवस्थित माणूस आहे आणि ती म्हणजे ही.

"जुनीचा आहे," ती म्हणाली. "नवीचा काल रात्री लिहायचा राहिला होता. तात्या म्हणाले, सकाळी लवकर येऊन पुरा करतो. पॅडवर आता एक पान फाडलेलं दिसतंय, पण पान नाहीये."

"जुनीच्या कागदात काय आहे?"

"इंजिन ठणठणीत, पत्रा मूळचा. सीटचं वगैरे मामा बघतील, असं लिहिलंय." तिचे डोळे भरून आले. "मी काल सगळी तयारी केली होती हो, तुमची भाची येणार म्हणून. दोन्ही गाड्या पुसून घेतल्या, आत सुगंधी फवारा मारला, घड्याळंसुद्धा बरोबर लावली. गिऱ्हाइकाला घड्याळ चुकीचं दिसलं की त्याला सगळंच चुकीचं वाटायला लागतं."

मग मी मागे डेंटरच्या शेडमध्ये गेलो. पत्रा ठोकून सरळ करणारा हा गडी अंगापिंडाने रेड्यासारखा, तोंडाने तिखट. मागच्याच आठवड्यात त्याची आणि तात्यांची चारचौघांत जुंपली होती. चेपलेल्या जागी पुटीचा लेप भरून पत्रा लपवतोस म्हणून तात्यांनी त्याला सगळ्यांसमोर झाडलं होतं.

"मी आठपासून इथेच आहे," तो म्हणाला. "ग्राइंडर चालू होता, काही ऐकलं नाही. आणि असं बघू नका माझ्याकडे. भांडलो म्हणून काय जीव घेतो का माणूस?"

त्याच्यामागे एक गाडी उभी होती. तिची पुढची सीट काढून बाहेर ठेवलेली आणि समोरच्या पट्टीवर एक लाल दिवा पेटलेला.

"हा दिवा कसला?" मी विचारलं. बोलायला काहीतरी हवं होतं.

"सीट काढायच्या आधी बॅटरी सोडवायची असते म्हणे, नाहीतर हा दिवा लागतो. कोण एवढं करत बसतो? वायरमन येईल आणि विझवेल. तोच येतो नेहमी माझी घाण निस्तरायला."

वायरमन त्या वेळी यार्डात नव्हता. तो तात्यांचा जावई. मुंगीलाही वाट देणारा, हळू बोलणारा. नऊला आला, त्यानेच तात्यांना खड्ड्यात बघितलं, त्यानेच उचलून हॉस्पिटलात नेलं. तेव्हापासून तो तात्यांच्या खाटेशेजारून हलला नव्हता.

शेवटी मी गाड्यांकडे वळलो. आधी जुनी. दार उघडलं आणि सवयीने हात ड्रायव्हरच्या सीटच्या बाहेरच्या कडेवरून फिरवला, दाराच्या बाजूने, खांद्यापासून कमरेपर्यंत. हात मध्येच थांबला. ती शिवण कंपनीची नव्हती. दुहेरी होती, जाड दोऱ्याची, आणि शेवटी दोरा मागे वळवून गाठ आत लपवलेली.

अशी गाठ या भागात एकच माणूस मारतो. तो टाका माझा होता.

३

माणसाला स्वतःचं अक्षर अनोळखी कागदावर दिसावं, तसं मला झालं.

मग आठवलं. तीन महिन्यांपूर्वी डेंटरच्या पोत्यातून दहा-बारा सुटी कव्हरं शिवायला आली होती, त्यातलं हे. नुसतं कव्हर, सीट नाही, गाडी नाही. मी कधी विचारत नाही कुठल्या गाडीचं म्हणून. कापड येतं, मी शिवतो. हे कव्हर बाहेरच्या कडेने उभं फाटलेलं होतं आणि गंमत म्हणजे आतून बाहेर फाटलेलं. कंपनीचा दोरा तिथे इतका कच्चा, की बोटाने ओढला तर तुटत होता. कंपनीवाल्यांच्या कंजूषपणाला चार शिव्या हासडून मी तिथे दुहेरी पक्का टाका घातला होता. असा कच्चा दोरा मी याआधीही बऱ्याच गाड्यांत बघितला होता आणि प्रत्येक वेळी न मागता पक्का करून दिला होता.

पण प्रश्न कव्हराचा नव्हता. जुनी गाडी एकाच मालकाची, कुठेही हात न लागलेली, असं शेठ सांगत होते. मग तिची सीट फाटली कशी आणि ती लपवली का? खोटं सापडलं म्हणजे गाडी सापडली.

मी लगेच भाचीला फोन लावला. हॉस्पिटलात फोन कपाटात ठेवावे लागतात, पण नशिबाने तिची चहाची सुटी होती.

"जुनी नको," मी म्हणालो. "तात्या म्हणाले ती हीच."

तिने मोठा श्वास सोडला. "मला जुनीच हवी होती, मामा. पण बरं झालं कळलं. वायरमनदादापण तेच म्हणत होते. नवी डोळे झाकून घ्या म्हणाले. बिचारे सकाळपासून तात्यांजवळ बसून आहेत. त्यांना म्हटलं, जेवून या, तर उठायलाच तयार नाहीत."

"तू किती वाजता सुटतेस?"

"एकला. मग नव्या दवाखान्यात कागद द्यायचे आहेत, तशीच पुढे जाईन."

फोन ठेवला आणि छातीवरचा दगड उतरला. हसूसुद्धा आलं. कापडातला माणूस, पण रहस्य उलगडलं अर्ध्या तासात! त्याच तोऱ्यात मी नवी गाडी बघायला गेलो. आत बसलो, किल्ली फिरवली, स्क्रीन उजळली.

माझ्या मनगटावर साडेअकरा वाजले होते. गाडीच्या घड्याळात सव्वातीन.

फाइलवालीने घड्याळं काल स्वतः लावली होती. मी उतरून पुन्हा जुनी गाडी उघडली, किल्ली फिरवली. तिच्यात तीन वाजले होते.

४

या गाड्यांची बॅटरी सोडवून पुन्हा जोडली, की घड्याळ बारापासून सुरू होतं. यार्डात राहून एवढं कुणालाही कळतं. साडेअकरातून सव्वातीन तास मागे गेलो की सव्वाआठ. तीन तास मागे गेलो की साडेआठ. आज सकाळी, तात्या खड्ड्यात पडलेले असताना, कुणीतरी दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या सोडवून परत जोडल्या होत्या.

आणि बॅटरी कधी सोडवतात, ते डेंटरने मला नुकतंच सांगितलं होतं. सीट काढताना.

मी दोन्ही गाड्यांची दारं सताड उघडली आणि जे आधीच बघायला हवं होतं ते बघितलं. ऊन. काळं कापड उन्हाने तांबूस पडतं आणि गाडी रोज एकाच जागी उभी राहिली की एकाच बाजूने पडतं. प्राध्यापकांची गाडी सहा वर्षं कॉलेजच्या उघड्या मैदानात उभी असायची. दाराच्या आतलं कापड तांबूस, मागच्या सीटची तीच बाजू तांबूस, आणि मध्ये ड्रायव्हरची सीट काळीकुळकुळीत. नव्या गाडीत बरोबर उलट. सगळी गाडी काळी आणि ड्रायव्हरच्या सीटची एक कड तांबूस.

सीटांची अदलाबदल झाली होती. माझा टाका मुळात नव्या गाडीचा होता. आणि मी पोरीला सांगून बसलो होतो, की जुनी नको, म्हणजे नवीच घे.

मी धावतच डेंटरची शेड गाठली आणि त्याच्या हातातला ग्राइंडर बंद केला. तो अंगावर येणार होता, पण माझा चेहरा बघून थांबला.

"तीन महिन्यांपूर्वी तू मला एक काळं कव्हर पाठवलंस. आतून बाहेर फाटलेलं. ते फाटलं कशाने?"

त्याने ग्राइंडरकडे हात नेला.

"तात्या मरतायत, बोल!"

"बॅगेने," तो म्हणाला. "बाजूने गाडीला धडक बसली की सीटच्या कुशीतून हवेची बॅग फुटून बाहेर येते. माणसाच्या बरगड्या वाचतात. त्या गाडीची एक बाजू चेपलेली होती, मामा. मी ठोकून सरळ केली, पुटी भरली. माझं काम पत्र्याचं. बाकी मला माहीत नाही."

"सकाळी सीटा तू बदलल्यास?"

"मी? कसल्या सीटा?"

मी त्याच्यामागच्या गाडीकडे बघितलं. लाल दिवा अजून पेटलेलाच होता. नाही, हा तो नव्हे. हा माणूस बॅटरी सोडवत नाही. ज्याने सीटा बदलल्या त्याने घाईतसुद्धा दोन्ही बॅटऱ्या सोडवल्या होत्या, त्याचे हात आपोआप तिकडेच गेले होते. ज्या गाडीतली बॅग फुटली तिचा असाच लाल दिवा कायमचा विझवणंही कुणाला तरी जमलं होतं. आणि तात्यांनी संधी दिली ती कुणाला? शेठला ते तोंडावर बोलायचे, डेंटरला चारचौघांत झाडायचे. चष्मा काढून, खालच्या आवाजात, लोकांच्या आधी येऊन संधी द्यावी, असा त्यांचा या यार्डात एकच माणूस होता.

"ती नवी गाडी कुणाची आहे?" मी विचारलं, पण उत्तर मला ठाऊक होतं.

डेंटरने घाम पुसला. "वायरमनने आणली होती. भंगारात निघालेली. मला म्हणाला, कुणाला बोलू नकोस. सासऱ्याला तर मुळीच नको."

वायरमन सकाळपासून तात्यांच्या खाटेशेजारी बसून होता. जेवायलाही उठायला तयार नव्हता. मी भाचीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. चहाची सुटी संपली होती आणि फोन कपाटात होता.

५

डेंटरने मला स्कूटरवर मागे बसवलं आणि सुसाट निघाला. वाटेत मी सात वेळा फोन लावला. प्रत्येक वेळी घंटी पूर्ण वाजून बंद पडली. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडावर उशी दाबायला किती वेळ लागतो? हा विचार एकदा डोक्यात शिरला, तो काही केल्या निघेना.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. खिडकीजवळची खाट तात्यांची. मी दारातून बघितलं. खाट रिकामी होती. चादर ओढून सारखी केलेली आणि शेजारच्या स्टुलावर वायरमन एकटाच, मान खाली घालून बसलेला.

मी आत पाऊल टाकलं.

"मामा? तू इकडे कसा?" मागून आवाज आला. भाची होती, रिकामं स्ट्रेचर परत आणत होती. "तात्यांना स्कॅनला सोडून आले. डॉक्टर म्हणाले, धोका टळतोय बहुतेक. बोटं हलवली त्यांनी."

मी तिचा हात धरला आणि काही क्षण सोडलाच नाही. तिला वाटलं मी तात्यांसाठी रडतोय. "वेडा आहेस," ती म्हणाली. "मला आज लवकर सोडलंय, मी निघते आता, तिकडे दोनच्या आत पोचायचंय. गाडीचं संध्याकाळी बोलू." आणि गेली. तिला थांबवायचं काही कारण उरलं नव्हतं. जे उरलं होतं ते माझ्यासमोर स्टुलावर बसलं होतं.

डेंटर दारात उभा राहिला. मी रिकाम्या खाटेवर बसलो.

"दोन्ही गाड्यांची घड्याळं लावायला विसरलास," मी म्हणालो.

वायरमनने मान वर केली. त्याचे डोळे सुजले होते. नाकारायचा प्रयत्नही त्याने केला नाही.

"मी ढकललं नाही, मामा. कागद ओढला फक्त. त्यांनी घट्ट धरला होता, आणि मग एकदम सोडला."

"आणि मग?"

"ते हलत नव्हते. मला वाटलं, गेले."

"मग सव्वाआठ-साडेआठपर्यंत तू काय करत होतास? तुझा सासरा खाली पडलेला आणि तू वर सीटांचे बोल्ट उघडत होतास?"

"सगळा पैसा त्या गाडीत घातलाय. घरी कुणाला माहीत नाही. ती विकली गेली नसती तर मी संपलो असतो." तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. "तात्या म्हणाले, आज मामा सीटा बघायला येणार, ते हात लावताच ओळखतील, त्याआधी तू स्वतः कबूल हो. म्हणून ती सीट तिथून काढली. नऊला खाली उतरून बघितलं तर श्वास चालू होता. देवाशपथ, मामा, मला त्यांना मारायचं नव्हतं. सकाळपासून इथे बसलोय. ते जागे व्हावेत असं वाटतंय आणि भीतीही तीच वाटतेय."

मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. डेंटर बाहेर जाऊन पोलिसांना फोन करायला लागला. वायरमनने खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून माझ्या हातात दिला.

"हा तुमच्याकडेच यायचा होता," तो म्हणाला.

तात्यांचं ठसठशीत अक्षर होतं. 'नवी गाडी. ड्रायव्हरच्या बाजूने मोठी धडक. पत्रा पुटीने भरलेला. सीटमधली बॅग फुटून गेलेली, जागी चिंध्या. दिव्याची वायर कापलेली. कुणालाही विकू नये.' त्याखाली एक रेघ ओढून आणखी दोन-तीन ओळी होत्या.

'सीटची बाहेरची शिवण पक्क्या दोऱ्याने दुहेरी घातली आहे. बॅग असलेल्या कुठल्याही सीटला इथे कच्चाच दोरा हवा, बॅग तो तोडून बाहेर येते. पक्क्या टाक्याने बॅग आतच अडकेल. मामांना हे माहीत नसावं. एकट्यात सांगणे. चारचौघांत नको.'

मी कागद दोनदा वाचला. मग छोट्या गाडीच्या त्या सहा बॅगा आठवल्या, आणि लाल सीटा.

६

या वेळी तिने फोन उचलला. मागे वाऱ्याचा आणि मोठ्या गाड्यांचा आवाज येत होता.

"मामा, मी महामार्गावर आहे. काय झालं?"

"गाडी बाजूला घे."

"अरे पण..."

"पोरी, माझ्या गळ्याची शपथ. हळू कर, बाजूला घे, खाली उतर आणि गाडीपासून लांब उभी राहा. मी येतोय."

फोनमध्ये वळायचा दिवा टिकटिकायला लागला. ती टिकटिक थांबेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

पोलीस येईपर्यंत वायरमनला वॉर्डबॉयच्या ताब्यात देऊन आम्ही निघालो. डेंटरने स्कूटर इतकी हाणली की एरवी मी देवाचं नाव घेतलं असतं. तिच्यापर्यंत पोचायला पंचवीस मिनिटं लागली. ती कडेच्या लोखंडी पट्टीपलीकडे उभी होती, पांढऱ्या कपड्यांत, हातात दवाखान्याचे कागद. तिच्यामागून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रक गेला की छोटी गाडी हलत होती.

मी दार उघडून डांबरावर गुडघे टेकले. चार वर्षं रोज वापरूनही लाल सीटची एक कड सैल झाली नव्हती. बाहेरच्या शिवणीत कंपनीची एक छोटी पांढरी पट्टी होती. तिच्यावर काहीतरी लिहिलेलं होतं, ते मी कधी वाचलं नव्हतं. दिसायला वाईट दिसते म्हणून मीच ती आत दुमडून वरून शिवली होती. भेटीची गाडी म्हणून या सीटांना मी दुहेरीऐवजी तिहेरी टाका घातला होता.

मी तिला सगळं सांगितलं. वायरमनचं कमी आणि माझं जास्त. ती ऐकत राहिली. मला वाटत होतं ती ओरडेल, निदान रडेल तरी.

"आता आई चालवणार होती ही," ती एवढंच म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मामा, अजून कुणाकुणाच्या सीटा तू अशा पक्क्या करून दिल्यास?"

मी रस्त्याकडे बघितलं. गाड्या येत होत्या, जात होत्या. पांढऱ्या, निळ्या, करड्या, आत बसलेली माणसं क्षणभर दिसत होती. त्यातल्या किती गाड्या माझ्या दुकानावरून गेल्या असतील, मला खरंच सांगता येत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं कुठल्या गाडीचं म्हणून.

मी खिशातलं पातं काढलं आणि शिवणीत घातलं. दोरा ओढला, पुन्हा ओढला, बोट कापेपर्यंत ओढला.

टाका पक्का होता. तुटत नव्हता.